घडी मोडायला दिलेलं गाणं

माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, त्याचं नाव 'गाणी'. नाव वाचून कुणालाही वाटावं, बाईनं काय काय करून ठेवलंय! आत एकही गाणं नव्हतं. होती ती नुसती गाण्यांची तोंडं. कुणाला सुरेख डोळे, कुणाचं नाक तरतरीत, पण मानेखाली काहीच नाही. आठ मात्रा वाजायच्या आणि परत पहिलीवर यायच्या. पुन्हा आठ, पुन्हा पहिली. माझी नात याला लूप म्हणते. आमचे हे याला गिरणी म्हणतात. "झाली गिरणी सुरू," असं म्हणायचं, कानात कापूस घालायचा आणि पेपर घेऊन गॅलरीत जायचं, हा ह्यांचा दुपारचा नेम. ज्या माणसाची सगळी नोकरी वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात गेली, त्यानं मला कापूस दाखवावा!

मी गात नाही, हे आधीच सांगते. गळा होता तेव्हा त्याचं काही केलं नाही, आता तो उरला नाही. मी आवाज गोळा करते. मोबाइल पुढं धरून आवाज पकडायचा, लॅपटॉपात टाकायचा, मग तो कापायचा, ओढून लांब करायचा, उलटा फिरवायचा, त्याच्याखाली दुसरा अंथरायचा. कुकरच्या शिट्टीतून मी एकदा सनई काढली, तेव्हा शेजारीण दारात येऊन विचारून गेली, कुणाचं लग्न म्हणून. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्या दिवशी सगळ्या घरांच्या मोटारी एकदम सुरू होतात. प्रत्येकीचा सूर वेगळा. पण सगळ्या मिळून असा भरघोस षड्ज लागतो की मी हंड्याशी डोळे मिटून उभी राहते आणि पाणी पायांवरून वाहून जातं.

हे वेड नातीनं लावलं. पुण्याला नोकरीला जाताना ती आपला जुना लॅपटॉप आणि खेळण्यासारखा एक छोटा कीबोर्ड माझ्याजवळ ठेवून गेली. "आजी, टीव्हीपेक्षा हे बरं," म्हणाली. बरं कसलं! टीव्हीवरची मालिका निदान कधीतरी संपते.

तर या सगळ्या तोंडांपैकी एक मला पुरं करायचंच होतं. ते माझ्या नणंदेच्या मशीनच्या आवाजाचं होतं, आणि तिचे कान चालले होते. पूर्ण बहिरं व्हायच्या आत तिला ते ऐकवायचं, एवढीच माझी इच्छा.

माझी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, देवगाव रंगारीला असतात. माझ्याहून थोड्याच मोठ्या. फोनवर त्या हल्ली माझं ऐकण्याच्या फंदात पडत नाहीत, आपलं सांगून मोकळ्या होतात. गेल्या वर्षी एकदा सांगत होत्या, "वहिनी, चिमण्या नुसत्या चोची उघडत्यात बघ. आवाज काय येत नाय. मुक्या झाल्या का काय, म्हणलं." डॉक्टरांनी सांगितलं, वयानं आधी वरचे, बारीक आवाज जातात, मग हळूहळू खालचे. कानातलं यंत्र दिलं होतं. "घातलं की कुणीतरी भांडी आपटतंय डोक्यात," म्हणून वन्संनी ते चहाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

मी लग्न होऊन आले ती लष्कराच्या छावणीत. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली, तिच्यात एक कोपरा स्वयंपाकाचा आणि खिडकीशी वन्संचं पायाचं शिलाई मशीन. वन्संचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. फौजी लोकांच्या बायकांचे ब्लाउज त्यांच्याकडं शिवायला यायचे. हे पहिल्या पाळीला कंपनीच्या बसनं गेलेले असायचे, आणि दुपारी खोलीत आम्ही दोघीच. खिडकीला ओलं पोतं लावलेलं. त्याच्यातून येणारा उजेड हिरवट, पाण्याखाली असावा तसा. लांब मैदानावर बिगूल वाजायचा आणि अर्ध्यातच विरघळून जायचा. मी चटईवर आडवी व्हायची. मशीन चालू असायचं, खडखड खडखड, आणि दर फेऱ्याला त्या चामडी पट्ट्याची एक बारीक कुरकुर.

झोप लागायची आणि आवाज झोपेत शिरायचा. मला वाटायचं, चाक मशीनला नाही, खोलीलाच लागलंय. खोली निघाली आहे. बाहेरची चिंचेची झाडं एकेक करून मागं सरकताहेत, मातीचा रस्ता खालून वाहतोय, आमची भांडी फळीवर हळूच किणकिणताहेत, आणि वन्सं खिडकीशी बसून सगळं हाकताहेत. कुठं जायचंय ते विचारावं असं मला कधी वाटलं नाही. मग वन्सं चाकावर तळहात ठेवायच्या. मशीन थांबायचं. खोली थांबायची.

"बास. चहा टाक, वहिनी."

आणि मी उठून चहा टाकायची.

त्या चहा टाकणाऱ्या बयेबद्दल जरा सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिचाच आहे. दिसायला बरी होती, म्हणून तिचं खपून गेलं. तिचा ठाम समज होता की आपण कलावंत आहोत. पुरावा एवढाच, की पेटीची पहिली परीक्षा पास झालेली. दुसरीला बसली नाही. का, तर हात अजून तयार नाही. रांगोळी काढली की तीच पुसायची, ठिपका हलला म्हणून, आणि दिवाळीचा अंगणातला पणत्यांचा उजेड नुसत्या सारवलेल्या जमिनीवर पडायचा. ह्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला, त्याची एकच बाही झाली. दुसरी पहिलीच्या तोडीची उतरेना.

"मी दुसरा हात थंडीत ठेवू कुठं?" ह्यांनी विचारलं.

"खिशात," ती म्हणाली. आणि वर रुसली.

वन्संनी ब्लाउज शिवून झाला की तिच्या मांडीवर टाकायचा, तिनं हूक लावायचे, असं कामाचं वाटप होतं. बया पहिला हूक लावायची, तो सरळ बसलाय का हे उजेडात धरून बघायची, उसवायची, परत लावायची. तोवर गिऱ्हाईक उंबऱ्यात हजर.

"झाला का गं?" वन्सं विचारायच्या.

"नुसते हूक राहिलेत."

"मग त्या बाईनं काय दोन्ही हातांनी धरून फिरायचं का ब्लाउज? दे हिकडं!"

आणि वन्सं दातात दोरा धरून खटाखट सगळे हूक लावून टाकायच्या. एखादा तिरका बसायचा. पण ती बाई ब्लाउज घालून घरी जायची.

लग्नात वन्संना नवं मशीन मिळालं, जुनं माझ्याकडं राहिलं. आता ते आमच्या गॅलरीत आहे, त्याच्यावर कोरफडीच्या कुंड्या. एका दुपारी झाडायला म्हणून कुंड्या बाजूला केल्या आणि माझा पाय खालच्या जाळीवर पडला. खडखड खडखड. आणि ती कुरकुर! पट्टा सैल झालाय, लोखंड गंजलंय, पण कुरकुर तीच. मी झाडू टाकला, मोबाइल आणला आणि आवाज पकडला. संध्याकाळच्या आत त्याच्या आठ मात्रा बसवल्या. कूलरची घरघर त्याच्याखाली तंबोऱ्यासारखी लावली. वर एक बारीक घंटा सोडली, भांड्यांच्या किणकिणीसारखी. डोळे मिटले, आणि खरं सांगते, खोली निघाली. चिंचेची झाडं मागं सरकायला लागली.

आणि आठ मात्रांनी परत पहिल्या झाडापाशी आली.

तिथून पुढं ती गेली नाही. रोज दुपारी मी बसायची, आज काय ते पुरं करायचं म्हणून. लूप लावायचा. तो इतका गोड वाजायचा की मी पेंगायची. जाग आली की वाटायचं, घंटा जरा वेगळी हवी. घंटा बदलायची. मग ती खडखडीच्या मानानं दबलेली वाटायची, म्हणून वाढवायची. तेवढ्यात चहाची वेळ. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. पुढचा भाग कसा असावा ते मला स्वप्नात सगळं ऐकू यायचं, आणि लॅपटॉप उघडला की तिथं कोरी पाटी. त्या कोऱ्या पाटीकडं बघितलं की घंटा बदलावीशी वाटायची.

नात फोनवर समजावायची.

"आजी, आठ मात्रांच्या पुढं जा ना."

"पहिलं नीट झालं की जाते."

"दिवाळीलाही हेच म्हणालीस तू."

"दिवाळीला घंटा वेगळी होती."

"आजी! ऐक माझं. एक दिवस ठरव, आणि त्या दिवशी जसं असेल तसं कुणाला तरी देऊन टाक. आम्ही सगळे असंच करतो, नाहीतर कधीच संपत नाही."

"तुमचं चालत असेल बाई तसं."

हे मी बोलत नव्हते. ती बया बोलत होती, पेटीच्या दुसऱ्या परीक्षेवाली. एवढी वर्षं गेली, केस पिकले, दात बदलले, आणि ही मात्र जशीच्या तशी आत पाय पसरून बसलेली.

मग सुट्टीला नात घरी आली. मी मोठ्या थाटात तिच्या कानाला हेडफोन लावले, लूप सुरू केला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले, आता डोळे मिटेल, मग मिटेल म्हणून. पोरीनं दोन्ही हातांनी हेडफोन उपटून काढले.

"आजी, हे काय आहे? दाताच्या डॉक्टरकडं बसवल्यासारखं वाटतंय!"

"घंटा आहे ती. हळूच वाजते."

"हळूच?" तिनं पडद्यावरची पट्टी दाखवली. घंटेचा आवाज अगदी वरपर्यंत चढवलेला. मग ती एकदम मवाळ झाली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुला वरचं कमी ऐकू येतंय गं. म्हणून तू रोज थोडं थोडं वाढवत गेलीस."

म्हणजे माझ्याही चिमण्या मुक्या व्हायला लागल्या होत्या, आणि मी एकेकीच्या गळ्यात भोंगा बांधत बसले होते. दारामागं उभे राहून हे सगळं ऐकणाऱ्या आमच्या ह्यांनी कापसाची पुडी काढून नातीपुढं धरली. "घे. मी कशाला वापरतो वाटलं तुला?"

हसून झालं, पण नंतर मी पुरती अडकले. आधी निदान एवढा तरी भरवसा होता, की गाणं चांगलं झालं तर आपल्याला कळेल. आता माझे कानच धड नाहीत, तर 'झालं' हे ठरवणार कोण? तिकडं देवगावहून फोन यायचा आणि प्रत्येक वेळी वन्सं थोड्या अधिक जोरात बोलायच्या, थोडं अधिक लांबून बोलल्यासारख्या. मी लॅपटॉप उघडायची, मिटायची. पुन्हा उघडायची.

गाणं अडलं की माझी कपाटं फार नीटनेटकी होतात. अशाच एका दुपारी, बाहेर ऊन भणभणत असताना, मी कपाटाचा खालचा कप्पा काढला आणि तळाशी जांभळी साडी लागली.

आमच्याकडं नवी साडी आली की ती आपण आधी नेसायची नाही. दुसरीला द्यायची, तिनं घडी मोडायची. गावी राहणाऱ्या सासूबाईंचा दंडक असा की सुनेची साडी असली तर घडी लेक मोडणार. त्यामुळं माझी प्रत्येक नवी साडी आधी वन्संच्या अंगावर चढायची. त्या ती नेसून हळदीकुंकवाला जायच्या, दणकून भजी खायच्या आणि साडी परत यायची ती पदराला तेलाचा एक ठिपका घेऊन. बया उशीत तोंड खुपसून रडायची. पण गंमत बघा, दुसऱ्या दिवसापासून तीच साडी नेसून ती बाजारात जायची, भाकरी थापायची, पोराला मांडीवर घ्यायची. ठिपका पडलेल्या साडीचं भय उरायचं नाही. फाटेपर्यंत नेसलेल्या त्या सगळ्या साड्या.

एकच सुटली. वन्संचं लग्न होऊन त्या सासरी गेल्यावर आलेली, रेशमी, जांभळी. घडी मोडायला घरात कुणी नव्हतं, आणि बयेला आनंद झाला. ही तिनं चांगल्या प्रसंगासाठी ठेवली. प्रसंग आले, गेले. त्या साडीच्या तोडीचा एकही उतरेना. त्या दुपारी मी ती उलगडायला गेले आणि ती घडीघडीवर चिरत गेली. आवाजसुद्धा झाला नाही. हातात जांभळ्या चिंध्या, आणि काठ तेवढा नवाकोरा झगमगतोय.

मला हसू फुटलं. थांबेना. हे कानातला कापूस काढत आत आले.

"काय झालं?"

"साडी फाटली माझी."

"मग हसतेस काय?"

"नेसलेच नव्हते हो!"

त्याच दुपारी मी नातीला फोन लावला. म्हटलं, गाणं वन्संना घडी मोडायला देते आहे. आहे तसं. तिला घडी मोडणं सांगावं लागलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आजी, मी वर्षभर हेच सांगत नव्हते का?"

"तू साडी धरून नाही सांगितलंस."

"बरं बाई. पण जाशील तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड कर. आत्याआजी काय म्हणते ते मला ऐकायचंय."

एसटीत लॅपटॉपची पिशवी मी मांडीवर धरून बसले होते, छोटा स्पीकर टॉवेलात गुंडाळून. खिडकीची काच गाडीबरोबर थरथरत होती आणि मला त्याच्यातही आठ मात्रा ऐकू यायला लागल्या. रस्त्याकडेची झाडं मागं सरकत होती. ती मात्र परत पहिलीवर येत नव्हती.

देवगावला पोचले तेव्हा घरची सगळी रानात होती. वन्सं ओसरीवर एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "वन्सं, गाणं आणलंय. अजून पुरं नाही. घडी मोडायला आणलंय."

त्या माझ्याकडं वळल्या. "साडीवानी?"

"साडीवानी."

"मग डाग पडला तर रडायचं नाय. लई रडायचीस तू."

"तुम्हाला कळायचं?"

"एका खोलीत ऱ्हायचो की आपण. उशीत तोंड घातलं म्हणून काय झालं?"

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. स्पीकर आधी खाटेवर ठेवून बघितला. वन्संनी मान हलवली, नाय. मग त्यांनीच तो उचलला आणि आत नेऊन धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवला. कोठी तळाला गेलेली, जवळजवळ रिकामी. ती घुमायला लागली. वन्संनी तिच्यावर तळहात ठेवला. मग गाल ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माझं मशीन हाय की हे."

"हो."

"छावणीतलं. कुरकुरत होतं बघ."

"वन्सं, वर घंटा आहे, ती येते का ऐकू?"

"कंची घंटा?"

झालं. वर्षभराच्या घंटा त्या दोन शब्दांत गेल्या.

मला वाटलं होतं, त्या डोळे मिटून ऐकतील. कसचं काय! त्यांनी सूप ओढलं, कोठीला पाठ टेकून बसल्या आणि बाजरी निवडायला लागल्या. वर बोलायलाही लागल्या. सुनेनं शेळी कशी महाग घेतली, ती दूध कमी आन् लाथा जास्त कशी देती, सांगतायत आपल्या. सुपाची फडफड, कोंबड्या, शेळीची गाऱ्हाणी, आणि त्या सगळ्याखालून माझं गाणं. मी दोनदा हात वर केला, जरा ऐका म्हणून सांगायला. मग लक्षात आलं, त्यांचा पाय चालतोय. टाच, चवडा, टाच, चवडा, जाळीवर असल्यासारखा. मी हात खाली घेतला.

पत्र्याच्या घरात दुपार दाटून येते. मीही भिंतीला टेकले. कोठी घुमत होती, भिंत पाठीत बारीक थरथरत होती. मग दारातला कडुनिंब हळूच मागं सरकला, त्याच्यामागून गोठा सरकला, आणि आम्ही दोघी निघालो, सुपासकट, कोंबड्यांसकट. वन्सं शेळीबद्दल बोलत होत्या. कुठं जायचंय ते मी विचारलं नाही.

आणि वन्संनी हात मागं नेऊन स्पीकरवर दाणकन तळहात ठेवला. बटण दाबलं गेलं असणार. आवाज मात्रेच्या मध्येच थांबला.

"बास. चहा टाक, वहिनी."

काहीच वाजत नव्हतं. उन्हानं पत्रा एकदा कडकन बोलला. एक कोंबडी दारात येऊन आमच्याकडं बघत उभी राहिली.

"बसली काय? टाक की."

मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला बसले. आधी घंटा काढल्या. एकेक करून नाही, सगळी पट्टीच पुसून टाकली. गाण्याची चाल खाली आणली, पार खर्जात, जिथं ती पत्र्यातून गालाला कळेल. चाल म्हणजे तरी काय, चार सुरांची. पण आता मला ती कुणासाठी आहे हे ठाऊक होतं, त्यामुळं हात अडेना. आधी नुसती खडखड येते, बराच वेळ. मग कूलरची घरघर येऊन मिळते, मग खालची चाल. मोबाइलमधलं वन्संचं बोलणं मी पाण्यात सोडल्यासारखं आत सोडलं. शब्द कळत नाहीत, बाई काहीतरी तक्रार करते आहे एवढं कळतं. एका जागी सुपाची फडफड चालीवर येते आणि ती झाकून टाकते. तो ठिपका मी पुसला नाही.

आणि जिथं तळहात पडला, तिथं गाणं कापलं. मात्रेच्या मध्ये. पुढं त्यांचं वाक्य, मग पत्रा, मग कोंबडी.

बया मध्येच आली होती. म्हणाली, शेवट समेवर हवा ना गं, असा अर्ध्यातच कसा? मी तिला म्हटलं, तू हूक लाव.

नातीला पाठवलं. तिचा फोन आला तेव्हा आवाज जरा ओला होता. "आजी, शेवटी काटा आला अंगावर." मग नाक ओढून म्हणाली, "फक्त ती कोंबडी तेवढी काढ."

"कोंबडी राहील."

ह्यांनी गॅलरीतून डोकावून विचारलं, "गिरणी बंद?"

"बंद. झालं."

"पुरं?"

"पुरं."

हे आत आले. "मग उद्या दुपारी काय करणार तू?" स्वरात चक्क काळजी होती.

वन्संकडं परत जायला थंडी उजाडली. मध्ये दुखणी-खुपणी, पाहुणे, एक ना दोन. तोवर त्यांचे कान आणखी गेले होते. आता कानाशी ओरडूनही भागत नव्हतं. हातवारे करायचे आणि त्या ओठ वाचायच्या. मी पिशवीतून स्पीकर काढला तशा त्या हसल्या. ओळखलं त्यांनी.

पण कोठी नव्या बाजरीनं गळ्यापर्यंत भरलेली. भरलेली कोठी घुमत नाही. वन्संनी तिच्यावर गाल टेकवून पाहिला आणि मान हलवली. एवढं सगळं करून, इथं येऊन, धान्यानं अडवलं! वन्संनी मात्र इकडंतिकडं बघितलं, पाण्याचा तांब्याचा हंडा अंगणात नेऊन झाडांना ओतला, आणि रिकामा हंडा मांडीत उपडा घेऊन बसल्या. स्पीकर त्याच्या बुडाला लावला. दोन्ही हातांनी हंडा पोटाशी धरला, लेकरू धरावं तसा, आणि वर गाल टेकवला.

मी गाणं लावलं.

या वेळी त्या बोलल्या नाहीत. आधी काहीच झालं नाही. मग टाच उचलली गेली. चवडा. टाच. खर्जातली चाल आली तेव्हा त्यांचे डोळे मिटले, आणि त्यांच्या कपाळावरची उन्हाची तिरीप इतकी सावकाश सरकली की मला कळेना, सूर्य सरकतोय की आम्ही. हिरवट उजेड, ओलं पोतं, लांबचा बिगूल. मी त्यातलं काही गाण्यात घातलं नव्हतं. तरी सगळं होतं तिथं. सुपाची फडफड आली, गेली. शेळीची तक्रार तळातून वाहत राहिली. मग दाणकन तळहात पडला, आणि स्पीकरमधून वन्संचा आवाज आला, "बास. चहा टाक, वहिनी."

मी उठले. सवयच ती.

वन्संनी डोळे उघडले. हंडा गप्प झालाय हे त्यांना हातांनी कळलं होतं, पण आवाज काय बोलला ते पोचलं नव्हतं.

"कुठं निघालीस?"

मी हातानं दाखवलं, चहा.

"मी कवा म्हणलं?"

मी हंड्याकडं बोट केलं, मग त्यांच्याकडं. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या हसायला लागल्या, हंडा मांडीत हिंदकळायला लागला, तसं मलाही आवरेना. दोन म्हाताऱ्या दुपारी दार उघडं टाकून हंड्याशी खिदळताहेत, असं त्यांच्या सुनेनं रानातून येताना पाहिलं आणि ती तशीच गोठ्याकडं वळली.

डोळे पुसून वन्संनी विचारलं, "म्हंजी संपलं म्हण की तुझं."

मी मान डोलावली, संपलं.

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. तेच ते, छावणीतल्या उंबऱ्यात गिऱ्हाईक उभं असताना बघायच्या तसं.

"हूक?"

"लावले, वन्सं," मी म्हटलं. सावकाश, ओठ नीट दिसतील असं. "एखादा तिरका बसलाय."

"मग टाक चहा," त्या म्हणाल्या, आणि हंड्यावर पुन्हा गाल टेकवून मला खूण केली, परत लाव.